उजव्या हाताचा रक्षक

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या मागच्या दालनात मी व्याख्यान देत असे. श्रोते शाळेतले आणि महाविद्यालयातले. विषय आपल्या भागातली चित्रे, शिल्पे, लेणी आणि त्यांचा इतिहास. नोकरीत असताना मी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर हे एक काम राहिले. दिवाळी संपली की सुरू व्हायचे, थंडी संपली की थांबायचे.

दालनाबाहेर एक फळा आहे. ज्याचे व्याख्यान त्याने त्या दिवसाचा विषय स्वतःच्या हाताने त्यावर लिहायचा, अशी तेथली जुनी पद्धत. मी पावणेसहाला जाऊन लिहीत असे. अक्षर चांगले असल्याने जाणारे-येणारे थांबून वाचत. आत येत नसत.

गेल्या वर्षी कार्तिक संपता संपता कार्यवाह फळ्यापाशी येऊन उभे राहिले. ते माझे जुने विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसत आणि रंगपेटी घरी विसरून येत. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत.

"सर, राग मानू नका," ते म्हणाले. "स्पर्धा परीक्षेची मुलं जिन्यात बसून वाचतात. अभ्यासिकेला जागा पुरत नाही. आणि तुमच्या दालनात मागच्या गुरुवारी सात जण होते."

"आठ," मी म्हणालो.

"आठवा शिपाई होता, सर. तो पंखा बंद करायला आला होता."

"किती हवेत?"

"पंधरा तरी. समितीसमोर मला काहीतरी ठेवायला हवं ना."

"कधीपर्यंत?"

"मार्गशीर्ष संपेपर्यंत बघू. शेवटच्या गुरुवारी मी स्वतः येतो."

मी खडूचा हात झटकला आणि आत गेलो. मला जे बोलायचे होते ते कार्यवाहांना सांगण्यासारखे नव्हते. मी एकटा राहतो. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. भाजीवाल्याशी चार शब्द होतात. मुलगा परदेशात आहे. तो रविवारी फोन करतो आणि प्रकृती विचारतो. प्रकृती बरी असते. आठवड्यात सलग एक तास मी बोलायचो तो गुरुवारी. तो तास गेला असता तर बाकीच्या सहा दिवसांना काही अर्थ उरला नसता. अर्थात हे कारण समितीपुढे ठेवता येत नाही.

*

मी स्लाइड दाखवत असे. आता कोणी दाखवत नाही. मुले म्हणतात, "सर, मोबाइलमध्ये सगळं असतं." असते. पण काळोख्या खोलीत भिंतीएवढे चित्र उजळले की पाहणाऱ्याची मान आपोआप वर होते. मोबाइल पाहताना मान खाली जाते. माझ्याकडे दोनशेच्या वर स्लाइड आहेत. सगळ्या मी कॅमेऱ्याने काढलेल्या, नोकरीतल्या सुट्ट्यांमध्ये.

स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी घालावी लागते, डोके खाली करून. घालताना बाजू चुकली तर भिंतीवर चित्र आरशातल्यासारखे दिसते. उजवे डावे होते. म्हणून फिल्म बसवलेल्या प्रत्येक चौकटीच्या एका कोपऱ्यावर खुणेचा ठिपका असतो. ठिपका वर, आपल्याकडे, उजव्या अंगठ्याखाली आला की चित्र बरोबर. काळोखात बोटांनीही तो समजतो.

माझ्या स्लाइडवरचे ठिपके लाल आहेत. ते माझ्या पत्नीने लावले. बारा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कपाटात ओल शिरली आणि सगळ्या फिल्मवर बुरशी आली. मी त्या टाकून द्यायला निघालो होतो. तिने पेटी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही बोलायचं काम करा," ती म्हणाली. "चिकटवायचं मी करते."

जुन्या चौकटी तिने उकलल्या. एकेक फिल्म कापसाने पुसली आणि नव्या चौकटीत बसवली. ठिपक्यासाठी शेजारणीकडून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली आणली. तिने स्वतःच्या नखांना तो रंग कधी लावला नव्हता. दोन महिने जेवणाच्या टेबलावर फिल्म पसरलेल्या असत आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवत असू. काम संपले. त्या थंडीत ती गेली. आजाराविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

त्यानंतर मी कधी स्लाइड हातात घेऊन उजेडाला धरली नाही. ठिपका पाहायचा आणि घालायची.

*

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी पांडवलेणी घेतली. हे माझे सर्वांत जुने व्याख्यान. त्यात एका लेण्याच्या दाराचे चित्र आहे. दाराच्या एका बाजूला एक रक्षक कोरलेला आहे. एकच, जोडीदार नाही. माझ्या चित्रात तो आत जाणाऱ्याच्या उजव्या हाताला उभा होता. त्याविषयी मी पुढील विवेचन करीत असे.

आत स्तूप आहे. भक्त प्रदक्षिणा घालताना स्तूप उजव्या हाताला ठेवतो. म्हणजे दारातून आत गेल्यावर तो डावीकडे वळतो, मागून फिरतो आणि उजवीकडच्या बाजूने परत दाराशी येतो. म्हणून रक्षक उजवीकडे आहे. तो येणाऱ्याला अडवण्यासाठी नाही. जाणाऱ्याला निरोप देण्यासाठी आहे.

हे वाक्य मी अकरा वर्षे बोलत होतो. त्यापूर्वीच्या टिपणांत ते नाही. त्या वाक्याला दालनात शांतता पसरत असे. माझ्या व्याख्यानांत शांतता पुष्कळ असे, पण ती ऐकणाऱ्यांची आहे की कंटाळलेल्यांची हे कळत असे. या वाक्यानंतरची ऐकणाऱ्यांची होती. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

व्याख्यान संपवताना मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. जाऊन पाहा." प्रत्येक व्याख्यान मी याच शब्दांनी संपवत असे.

त्या दिवशी नऊ जण होते. त्यांतली एक मुलगी नवीन होती. अकरावीतली असावी. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या ओढणीला शेवंतीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. मी तिला विचारले, "तुम्हाला विषयाची आवड आहे का?"

मी विद्यार्थ्यांना अहो-जाहो करतो. ती मागे वळून पाहू लागली, मी दुसऱ्या कोणाशी बोलतो आहे असे समजून.

"मला होय?" ती म्हणाली. "नाय सर. आमचा फुलांचा मळा हे, पाथर्डीकडं. मार्गशीर्षात गुरुवारी फुलं लय लागतात, म्हणून मी पप्पांबरोबर बाजारात येते. ते क्रेट गोळा करेपर्यंत बसायला जागा नसती. इथं खुर्ची हे."

एवढे सरळ उत्तर मला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते. मी तिचे नाव हजेरीत लिहिले. नऊ.

*

दुसऱ्या गुरुवारी अकरा जण आले. चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी दोन मुले मित्रांना घेऊन आली होती. मी सुरुवात करण्यापूर्वी शेवंतीवाली मुलगी उभी राहिली.

"सर, एक विचारू का? ते दारापाशी राखणदार हे ना, तुम्ही दाखवला तो. तो डाव्या अंगाला हे."

"उजव्या," मी म्हणालो.

"डाव्या. मी रविवारी गेल्ते. आमच्या घरापासून जवळच हे डोंगर."

"तुम्ही आत जाताना पाहिलंत की बाहेर येताना?"

"दोन्ही टायमाला."

"मग दुसऱ्यांदा पाहिलेलं लक्षात राहिलं. बाहेर येणाऱ्याचं उजवं-डावं बदलतं. नवख्या माणसाची ही नेहमीची चूक आहे."

मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणूनच यांचा टेम्पो राँग साइडनं येतो काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही, पण त्यांना थांबवलेही नाही.

ती बसली नाही. "नाय सर. आत जाताना डावीकडं. मी हात लावून बघितलं."

"लेण्यातल्या शिल्पांना हात लावत नाहीत," मी म्हणालो आणि दिवा बंद केला.

काळोखात तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली असे मला वाटले. तासानंतर दिवा लावला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

तिसऱ्या गुरुवारी ती आली नाही. परीक्षेची दोन मुलेही आली नाहीत. त्यांचा सराव सुरू झाला होता. पाच जण होते. पाचांपुढे मी पितळी मूर्तींविषयी बोललो. एकजण झोपला. व्याख्यान संपवताना "जाऊन पाहा" हे शब्द तोंडाशी आले आणि मला त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहावे लागले. इतक्या वर्षांत हे शब्द मी किती जणांना ऐकवले असतील कोण जाणे. ऐकून गेलेली, आणि गेल्याचे परत येऊन सांगणारी, ती एकटीच होती. मी तिला शिल्पाला हात न लावण्याविषयी बोललो होतो.

*

शनिवारी सकाळी मी अंबडकडे जाणारी बस घेतली. बस कारखान्यातल्या कामगारांनी भरली होती. एकाने उठून मला जागा दिली आणि विचारले, "बाबा, कुठल्या कंपनीत?" त्याचे सोबती हसले. मी सांगितले, पांडवलेणीला जातो आहे. "पायऱ्या लय हेत," तो म्हणाला. मला ते माहीत होते. बारा-तेरा वर्षांत मी त्या चढलो नव्हतो. गुडघे हे एक कारण. दुसरे कारण असे की पूर्वी मी तेथे कधी एकटा गेलो नव्हतो. मी चित्रे काढत असताना पत्नी पायरीवर बसून राहायची आणि माझ्या पिशव्या सांभाळायची.

चार ठिकाणी बसलो. पळायला आलेली मुले माझ्या बाजूने दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आली. वर पोहोचलो तेव्हा ऊन दगडावर आले होते.

मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

रक्षक डावीकडे होता.

मी आत गेलो, वळलो, बाहेर आलो. पुन्हा दाराकडे तोंड केले. हे मी तीन वेळा केले. तेथला पहारेकरी बाकावरून उठून आला.

"आजोबा, काही पडलं का तुमचं?"

"नाही. हा कोणत्या बाजूला आहे ते पाहतो आहे."

त्याने रक्षकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "डावीकडं हे."

"पहिल्यापासून?"

"मी लागलो तवापासून तरी," तो म्हणाला. "पाणी देऊ का?"

मी पाणी प्यालो आणि जरा वेळ पायरीवर बसलो. खाली शहर पसरले होते. मी काढलेल्या चित्रात रक्षक आणि दाराची एक कड एवढेच आहे. वरचा शिलालेख चौकटीत आलेला नाही. आला असता तर अक्षरे उलटी दिसली असती आणि चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. ब्राह्मी अक्षरे मला येतात. दगडाची बाजू मात्र मी लक्षात ठेवली नव्हती. ती चित्रात आहे, या भरवशावर राहिलो होतो.

घरी येऊन ती स्लाइड काढली आणि खिडकीशी धरली. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते, एक निस्तेज. त्यावरून सरळ-उलट ठरते. या फिल्मवर बुरशी फार झाली असावी. पुसून पुसून दोन्ही बाजू सारख्याच निस्तेज झाल्या होत्या. माणसे किंवा अक्षरे असती तर पत्नीने मला हाक मारून विचारले असते, किंवा स्वतःच ओळखले असते. दगड आणि एक दार. त्यात ओळखायचे काय? तिने अंदाज केला. दोनशेपैकी एक अंदाज चुकला. ठिपका चुकीच्या कोपऱ्यावर बसला, बाकी सगळ्यांसारखाच गोल आणि नीट.

आणि त्या उलट्या चित्रावर मी ते वाक्य रचले.

*

मार्ग दोन होते. स्लाइड फिरवून टाकायची, वाक्य गाळायचे आणि पुढे बोलायचे. कोणाला कळले नसते. ज्या एका व्यक्तीला कळले असते तिचे येणे बंद झाले होते. दुसरा मार्ग शेवटच्या गुरुवारी कार्यवाहांच्या समोर ते सांगण्याचा. ते पंधरा डोकी मोजायला येणार होते. त्यांना मी काय दाखवणार होतो? अकरा वर्षे चुकीचे सांगणारा म्हातारा. दालन काढून घ्यायला त्यांना आता कारण शोधावे लागणार नव्हते.

तीन दिवस मी यावर विचार केला असे लिहिले तर ते खरे होणार नाही. विचार पहिल्याच संध्याकाळी संपला होता. उरलेले दिवस मी फक्त टाळत होतो.

बुधवारी संध्याकाळी फुलबाजारात गेलो. दुसऱ्या दिवशीच्या पूजेमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंतीच्या ढिगामागे तो माणूस सापडला. मुलीचा चेहरा त्याच्यासारखाच आहे. मी ओळख सांगितली.

"तुम्ही ते लेण्यावाले सर होय," तो म्हणाला. हात त्याचे फुलांतच होते. "पोरगी येत नाय आता. कंटाळा येतो म्हनली. मी म्हनलं, फुकटची खुर्ची हे, बसायला काय जातं? पन ऐकत नाय."

ती मागून रिकामे क्रेट घेऊन आली. मला पाहून तिने ते खाली ठेवले नाहीत.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "तो डावीकडे आहे."

"मला माहीत हे."

"मी वर जाऊन आलो."

"तुम्ही चढले?" तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले.

"उद्या सहा वाजता मी ते दालनात सांगणार आहे. तुम्ही यावं."

"सांगा की. मला कशाला बोलावता?"

"चुकीचं तुमच्यासमोर बोललो होतो. दुरुस्तीही तुमच्यासमोरच व्हायला हवी."

तिच्या वडिलांनी मान वर केली. "कोनता दगड उजवीकडं अन् कोनता डावीकडं, एवढ्यासाठी सर तुम्ही बाजारात आले?"

"हो."

त्याने फुलांतले हात बाहेर काढले. मग मुलीला म्हणाला, "जा गं उद्या. तसंबी मला सात वाजतील." निघताना त्याने मूठभर शेवंती कागदात बांधून माझ्या हातात दिली. "बाईंना द्या. उद्या गुरुवार हे."

मी घेतली. काही सांगितले नाही. घरी आणून पाण्यात ठेवली.

*

शेवटच्या गुरुवारी मी फळ्यावर लिहिले: "लेण्याचा रक्षक: एक दुरुस्ती." आत नऊ जण होते. मुलगी दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसली. कार्यवाह बसले नाहीत. ते दारात उभे राहून खुर्च्या पाहत होते. किती, ते त्यांना एका नजरेत कळले असावे.

मी दिवा बंद केला आणि ती स्लाइड नेहमीसारखी घातली. अंगठ्याखाली ठिपका लागला. रक्षक भिंतीवर उजवीकडे उभा राहिला.

"हे चित्र मी अकरा वर्षं दाखवत आलो आहे," मी म्हणालो. "ते उलटं आहे."

मी स्लाइड काढली, फिरवली आणि पुन्हा घातली. रक्षक डावीकडे गेला. एवढ्याला चार-पाच क्षण लागले. मधल्या वेळात भिंत पांढरी होती आणि सगळ्यांचे चेहरे त्या उजेडात दिसत होते.

"हा असा आहे. दोन आठवड्यांपूर्वी एका विद्यार्थिनीनं हे मला सांगितलं. त्या स्वतः पाहून आल्या होत्या. मी त्यांना खोटं ठरवलं. खोटा मी होतो. निरोपाविषयी मी जे वाक्य बोलत असे त्याला आधार नाही. ते कोणी वहीत लिहून घेतलं असेल तर खोडावं."

कोणी वही उघडली नाही. बहुधा कोणी लिहून घेतलेच नव्हते.

चित्रकलेच्या परीक्षेच्या दोन मुलांपैकी एक त्या दिवशी परत आला होता. तो म्हणाला, "मग सर, तो डावीकडं का आहे?"

"मला माहीत नाही."

वर्गात किंवा दालनात हे तीन शब्द मी यापूर्वी उच्चारल्याचे आठवत नाही.

"स्लाइड उलटी कोणी लावली होती?" त्याच मुलाने विचारले.

"मी," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सांगितलेल्यांपैकी एवढीच गोष्ट खरी नव्हती.

मग मुलगी बोलली, उभी न राहता. "सर, अकरा वर्षं?"

"अकरा."

"तेवढ्यात कोनीच सांगितलं नाय तुम्हाला?"

"नाही."

"का पन?"

"कोणी पाहायला गेलं नाही. मीही नाही."

मी उरलेल्या स्लाइड दाखवल्या. ते विवेचन गाळल्यामुळे व्याख्यान वेळेआधी दहा मिनिटे संपले. शेवटचे नेहमीचे शब्द मी बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आता माझा राहिला नव्हता.

मुले निघाली. बाहेरून टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजला. मुलगी दारापर्यंत गेली आणि थांबली.

"हात लावायचा नाय ना? परत जाईन तवा नाय लावनार," ती म्हणाली.

"काय पाहायला जाणार?"

"तो डावीकडं का हे ते."

ती गेली. टेम्पो बरोबर बाजूने वळला. मी दारातून पाहिले.

कार्यवाह थांबले होते. "सर," ते म्हणाले, "तुम्ही आज जे केलंत ते—" आणि पुढे त्यांना शब्द सापडला नाही. वर्गातही त्यांना सापडत नसे.

"नऊ होते," मी म्हणालो.

"हो, सर."

"मग ठरलं आहे."

"पुढच्या वर्षी बघू. एखादं शनिवार-रविवारचं—"

"नको."

त्यांनी मान हलवली. मी प्रोजेक्टर गुंडाळला. बाहेर येऊन फळ्यावरची ओळ पुसू लागलो तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या सर, शिपाई पुसेल." मी पूर्ण पुसली. कोपरेही पुसले.

*

त्या दालनात आता टेबले आहेत आणि प्रत्येक टेबलावर दिवा. मुले शांतपणे वाचतात. जागेचा उपयोग होतो आहे, यात शंका नाही. गुरुवारी सहा वाजता मी घरी असतो. पहिले काही गुरुवार मी त्या वेळी कपडे बदलून बसत असे. आता बदलत नाही. ती मुलगी पुन्हा डोंगरावर गेली का, तिला काही उमगले का, हे मला माहीत नाही. गेली असली तरी ते सांगायला येण्यासाठी जागा उरलेली नाही.

स्लाइडचा ट्रे जेवणाच्या टेबलावर असतो. सगळ्या स्लाइड नीट लावल्या की वर लाल ठिपक्यांची सरळ रांग दिसते. मध्ये एका ठिकाणी ठिपका नाही. ती स्लाइड आता बरोबर बाजूने लावलेली आहे आणि तिचा ठिपका मागच्या बाजूला दडला आहे. जुना पुसून योग्य कोपऱ्यावर नवा लावावा म्हणून मी एकदा ती रंगाची बाटली शोधली. ती पत्नीच्या शिवणाच्या डब्यात होती. झाकण घट्ट बसले होते. गरम पाण्यात धरून उघडले. आतला रंग कधीच वाळून गेला होता.

दुसरी बाटली आणता आली असती. आणली नाही. जुना ठिपकाही पुसला नाही.

दालनात जे खोटे सांगितले त्याची दुरुस्ती येथे करतो. ठिपका तिने लावला होता. उजेडाला धरून पाहणे हे माझे काम होते.